मशीन लावलंय ना?

बसा. चहा येतोय, तोवर माझी कैफियत ऐकून घ्या. फक्त एक करा, त्या समोरच्या खुर्चीवर बसा, खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे. ही विनंती मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला करतो. त्यामागे कारण आहे, पण ते आत्ताच सांगणार नाही. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली. कागद क्रमानं लावल्याशिवाय प्रकरण वर पाठवायचं नाही, ही तिथली शिस्त.

तर क्रमानं सांगतो. कानांबद्दल माझी तक्रार नाही. आतल्या कानात जन्माच्या वेळी पंधरा-सोळा हजार बारीक केसपेशी असतात. वयानं, मोठ्या आवाजानं, काही औषधांनी त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. यावर अपील नाही, हे मला मान्य आहे. तक्रार आहे ती त्यानंतर घडणाऱ्या सगळ्या गोष्टींबद्दल. आणि तक्रारदार मी एकटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना थोडंफार कमी ऐकू येतं आणि त्यांतल्या ४३ कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. एवढ्या लोकांची फाईल इतकी वर्षं कोणाच्याच टेबलावर नसावी, याचं मला नवल वाटतं.

सगळ्याचं मूळ एका गैरसमजात आहे. कमी ऐकू येणं म्हणजे सगळे आवाज लहान होणं, असं लोकांना वाटतं. तसं असतं तर टीव्हीचा आवाज वाढवून काम भागलं असतं. प्रत्यक्षात वयाबरोबर आधी जाते ती उंच पट्टीतले, तीक्ष्ण आवाज पकडण्याची ताकद. आपल्या बोलण्यातले स, श, च, त, थ, फ, ख हे नेमके त्या वरच्या पट्टीत राहतात. आ, ओ, उ हे स्वर खालच्या पट्टीतले, भरदार. ते व्यवस्थित पोचतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ‘चहा’, ‘सहा’ आणि ‘दहा’ या तिन्हींतला ‘हा’ माझ्यापर्यंत येतो, त्याच्या आधीचं अक्षर वाटेत गळतं. सौ. स्वयंपाकघरातून विचारते, “चहा?” मी घड्याळाकडे बघून म्हणतो, “वाजायचेत अजून.” ‘ताक’ आणि ‘टाक’ यांच्यावरून तर आमच्याकडे नेहमी वाद होतात. बोलणाऱ्यानं शब्द अर्धवट पोचवला तरी निकाल ऐकणाऱ्याच्या विरोधातच लागतो, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

मग घरच्यांनी मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते योग्यच. कान दुखणं, वाहणं, पडद्याला भोक असणं, या गोष्टी डॉक्टरांनीच बघायच्या. एखाद्या कानानं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी गाठायचं, कारण त्यावरचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच लागू पडतात. माझं तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी कानात उजेड टाकला आणि म्हणाले, “मळ आहे.” हे ऐकून घरच्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी विसरलेलो नाही. थेंब घालून मळ मऊ केला, काढला, आणि मला पूर्वीइतकंच कमी ऐकू येत राहिलं. पण घराच्या दप्तरी नोंद झाली ती अशी, की कान साफ करून आणलेले आहेत. पुढे मी “काय?” म्हटलं की उत्तर ठरलेलं: “आता तर मळही नाही!” कापूस गुंडाळलेल्या काड्यांनी मळ निघत नाही, उलट आत ढकलला जातो, हे डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. तेवढं मात्र कोणी नोंदवलं नाही.

त्यानंतर आलं मोफत तपासणी शिबिर. कोणी भरवलं त्याचं नाव घेत नाही. सभागृहात तीन पंखे गरगरत होते, प्लास्टिकच्या खुर्च्या सरकवल्या जात होत्या, कोपऱ्यात चहाचे कप खळखळत होते. कमी ऐकू येणारी सगळी ज्येष्ठ मंडळी रांगेनं बसलेली, आणि प्रत्येकाला आत बोलावण्यासाठी दारातून नाव पुकारलं जात होतं. नीट विचार करा या व्यवस्थेचा. नाव ऐकू न आल्यामुळे बरेच जण मागे राहिले, आणि ज्यांना चांगलं ऐकू येत होतं ते पटापट तपासून बाहेर पडले. माझा नंबर आला तेव्हा कानांवर हेडफोन चढवून त्या गोंगाटात बारीक शिट्टी ओळखायला सांगितली. आजूबाजूचा आवाज ती शिट्टी गिळतो, त्यामुळे कान आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात, हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आलेख निघाला, आणि त्याच दमात यंत्राची किंमत आणि फक्त त्या दिवसापुरती सवलतही निघाली. जमिनीच्या मोजणीला गेलेला माणूस त्याच दुपारी खरेदीखत घेऊन परत येत नाही. कानाच्या बाबतीत मात्र ही घाई आपल्याकडे सर्रास चालते.

खरी तपासणी आवाजबंद खोलीत होते. त्यासाठी मी एस.टी.नं मोठ्या शहरात गेलो. तिथं कळलं की या कामाचं रीतसर शिक्षण असतं. ऑडिओलॉजिस्ट व्हायला बारावीनंतर इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, इथं हे शिकवतात. वांद्र्याची संस्था तर १९८३ पासून आहे. इतकी वर्षं शिकलेली माणसं तयार होतायत, आणि तालुक्याच्या गावात अजून चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात कानाचं मशीन मिळतं. विकणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारला तर तो दुकानाच्या परवान्याकडे बोट दाखवतो.

त्या खोलीतली तपासणी कष्टाची आहे. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. ती इतकी बारीक होत जाते की शेवटी ती खरंच वाजली की मनात वाजली, हे आपणच ठरवायचं. ज्यांच्या कानात आधीच गुणगुण असते त्यांनी तसं आधी सांगावं. मग त्यांच्यासाठी शिट्टी तुटक वाजवतात. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक ठोकळा बसवतात. आवाज हाडातून थेट आतल्या कानात जातो, आणि बिघाड बाहेरच्या बाजूचा आहे की आतला, ते कळतं. तोवर दुसऱ्या कानात सरसर आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात, म्हणजे तो चोरून मदत करणार नाही. शेवटी शब्द ऐकवतात आणि जसे ऐकले तसे परत म्हणायला लावतात.

या सगळ्यात एक गोष्ट घडली, ती पुराव्यात जोडून घ्या. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट ताई माझ्यासमोर बसल्या, एकेक वाक्य पूर्ण करत, घाई न करता बोलल्या, आणि त्यांचं जवळजवळ सगळं बोलणं मला कळलं. तेव्हा माझ्या कानात मशीन नव्हतं. म्हणजे माझेच कान, तेच वय, आणि तरीही बोलणं पोचलं. घरी येताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होतो.

निकालाचा कागद म्हणजे एक आलेख असतो. उजव्या कानाची तांबडी वर्तुळं, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. शून्य वरच्या बाजूला, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. माझ्या दोन्ही रेघा डावीकडे बऱ्या चालतात आणि उजवीकडे घाट उतरतात. घरी हा कागद उघडला की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: “किती टक्के गेलंय?” डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. ५० डेसिबल म्हणजे निम्मं ऐकणं गेलं, असा अर्थ होत नाही. हे मी मेव्हण्याला समजावलं, शेजारच्या तात्यांना समजावलं, पुण्याच्या मुलाला फोनवर समजावलं. शेवटी तिघांनी आपापसांत ठरवलं की पन्नास टक्के.

आता कायदा बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची घट ७० डेसिबलवर असेल तर माणूस बहिरा, आणि ६० ते ७० च्या मध्ये असेल तर कमी ऐकू येणारा. माझा आकडा पन्नाशीत आहे. म्हणजे बँकेच्या खिडकीपलीकडचं बोलणं मला कळत नाही, फोनवर सांगितलेला ओटीपी मला उतरवून घेता येत नाही, पण कागदोपत्री मला ऐकू येतं. हद्द कुठेतरी ठरवावीच लागते, हे मी स्वतः नियम लावणारा माणूस असल्यानं समजतो. पण हद्दीच्या अलीकडच्या माणसानं काय करायचं, याचं एक ओळीचं परिपत्रक तरी निघायला हवं होतं.

पैशाचं सांगतो. किंमत नेहमी एका कानाची सांगतात. कान दोन असतात, हे सगळ्यांना ठाऊक असताना ही रीत का पडली, ते मला समजलेलं नाही. आवाज कोणत्या दिशेनं आला ते ओळखायला आणि गर्दीतून एकाचंच बोलणं वेगळं काढायला मेंदूला दोन्ही कान लागतात. त्यामुळे दोन्ही कान गेले असतील तर बहुतेकांना दोन्हींची यंत्रं घ्यावीच लागतात. बरी डिजिटल यंत्रं एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतात, आणि जोडीची किंमत काही लाखांपर्यंत जाते. चार चॅनल, आठ चॅनल, सोळा चॅनल असं विचारतात, जसा काही मी केबल जोडायला आलोय. बहुतेक आरोग्य विम्यांत हा खर्च बसत नाही. सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रं मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पासष्टी गाठलेल्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात. त्यात चष्मा, काठी, कमरेचा पट्टा, श्रवणयंत्र, जे लागेल ते घ्यायचं. या ३,००० रुपयांत दोन्ही कान बसवून दाखवणारा माणूस मला भेटवा, मी त्याचा सत्कार करीन.

याच भोकातून जाहिराती आत शिरतात. हजार रुपयांत कानाचं मशीन घरपोच! ते मशीन सगळेच आवाज सरसकट वाढवतं. ज्याला खालच्या पट्टीतलं ठीक ऐकू येतं आणि वरच्या पट्टीतलं येत नाही, त्याच्या कानावर पंखा, मोटर, ट्रक यांचा मारा होतो आणि ‘स’ गळायचा तो गळतोच. त्याच्या आलेखाकडे बघून कोणत्या पट्टीला किती जोर द्यायचा, हे ठरवलेलं नसेल तर त्या वस्तूला कानाचं मशीन म्हणू नये. आमच्या गावात अशी कितीतरी यंत्रं कपाटात पडून आहेत, आणि त्या सगळ्या घरांत हल्ली म्हणतात की कानाच्या मशीनचा काही उपयोग नसतो.

मला चांगलं मशीन मिळालं. ते कानात गेलं तो दिवस मी कधीच विसरणार नाही. वर्तमानपत्र उघडलं तर पत्रा फाटल्याचा आवाज. सौ.नं स्टीलची भांडी पालथी घातली, तर मी उठून उभा राहिलो. पिशव्यांची चुरचूर, चपलांची फटफट, फ्रिजची घरघर; हे आवाज गेली कित्येक वर्षं घरात होते आणि माझ्या परस्पर चालले होते. आणि स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. मेंदू हे आवाज विसरून गेलेला असतो, ते परत ओळखायला आणि नको ते बाजूला टाकायला त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. रोज थोडे थोडे तास वाढवत नेले तर जमतं. हे ऑडिओलॉजिस्ट ताईंनी सौ.ला आणि पुण्याहून आलेल्या मुलाला समोर बसवून सांगितलं होतं. तरीही संध्याकाळी घरात शिरतो न शिरतो तोच मुलगा पलीकडच्या खोलीतून, पाठ करून, भ्रमणध्वनीकडे बघत काहीतरी बोलला, आणि मी वळून “काय?” म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. एवढे पैसे भरूनही, असं तो बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती.

मशीन एकदा बसवून होत नाही, ते परत परत जुळवून घ्यावं लागतं. कानाच्या नळीत केसाएवढी बारीक नळी घालून पडद्याजवळ खरा किती आवाज पोचतो ते मोजण्याची सोय आहे. ती वापरा असा आग्रह तुम्ही धरा, कारण सगळीकडे आपणहून वापरत नाहीत. पण जुळवणी होते ती शांत खोलीत, आणि आयुष्य जातं ते लग्नाच्या मांडवात. “आता कसं वाटतंय?” असं त्या खोलीत विचारतात. त्या खोलीत सगळं छानच वाटतं. म्हणून मी वही घातली: कुठं, कोण, कितीजण, काय ऐकू आलं नाही. त्या वहीवरून जुळवणी खूप सुधारली. तुम्हालाही हेच करायला सांगेन.

बॅटरीचं प्रकरण वेगळंच. माझ्या मशीनला ३१२ नंबरची लागते, तपकिरी चिकटपट्टीची. पट्टी काढली की बॅटरी हवा घेते आणि त्या क्षणापासून संपायला लागते, मशीन वापरा की नका वापरू. पट्टी काढून काही मिनिटं थांबायचं आणि मगच आत बसवायची. ती तांदळाच्या दाण्यांत सांडली तर सापडणार नाही अशा आकाराची असते, आणि ती सत्तरीच्या माणसाच्या बोटांनी बसवायची असते. दिसायला चष्मा लागतो. चष्म्याची दांडी आणि मशीन दोघांनाही कानामागची तीच जागा हवी. करोनात मास्कची दोरी तिसरी आली, आणि मास्कनं सगळ्यांचे ओठही झाकले. नातवंडं घरात असतील तर बॅटऱ्या कडीकुलपात ठेवाव्यात, कारण गिळल्या तर जिवावर बेततं. चार्जिंगची मशीनं निघाली आहेत. पण आमच्याकडे जूनपासून वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही. कोकणातली दमट हवा आणि घाम या मशीनचे शत्रू. रात्री ते ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावं लागतं. घरात कोणाच्या अंथरुणाची नसेल इतकी काळजी मी त्या डबीची घेतो. आणि बॅटरी संपत आली की मशीन कानात टिंगटिंग करतं, तेही नेमकं तलाठ्यानं सातबाऱ्याबद्दल महत्त्वाचं सांगायला सुरुवात केली की.

आता आवाजाचं. अशा कानांचं एक दुखणं असतं, लोकांना त्याची कल्पना नाही. बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज सगळ्यांना लागतो तितकाच लागतो, कधी जास्तच. मधली जागा उरलेली नसते. घरच्या गणपतीची आरती बंद माजघरात सुरू होते, दहा जोड्या झांजा एकदम कडाडतात, आणि मी मशीन काढून खिशात टाकतो. मग आरती ऐकू येत नाही. हळदीला डीजे येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनी नियमांत लिहिलेली आहे. हळदीच्या मांडवात ती कोणी वाचलेली दिसत नाही. तिथं स्पीकरला चिकटून नाचणारी पोरं बघितली की मला राग येत नाही, धडकी भरते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि आवाज वाढत जाईल तशी ही मुदत झपाट्यानं कमी होते. डीजेची पातळी त्याच्या कितीतरी वर. ज्या केसपेशींनी त्यांना पुढची पन्नास वर्षं साथ द्यायची, त्या एका लग्नसराईत चालल्यात. या पोरांना कोणी हे शाळेत शिकवलेलं नाही.

इथपर्यंतचं सगळं मी सोसलं. पण मुख्य अन्याय घराच्या आत आहे. बोलणारा स्वयंपाकघरात, मिक्सर सुरू, तोंड भिंतीकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं घटतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे; तो आमच्या घरालाही लागू आहे. मशीनचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो दीड-दोन मीटरच्या आत, समोरासमोर. मी परत विचारलं तर तेच वाक्य, तसंच घाईत, फक्त मोठ्यानं. ओरडल्यानं शब्द फाटतो आणि कान दुखतो. तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं असतं तर पहिल्या झटक्यात कळलं असतं. आणि तिसऱ्यांदा विचारलं, की दोन शब्द येतात: “काही नाही.”

या “काही नाही”चा मी पूर्ण अभ्यास केलाय. त्यात सगळे हसतात असा विनोद असतो, आत्याच्या ऑपरेशनची तारीख असते, नातवाचा शाळेतला नंबर असतो. काही नसताना कोणी “काही नाही” म्हणत नाही. पंचायत समितीत एखाद्या अर्जदाराला “काही नाही” असं उत्तर देऊन परत पाठवलं असतं तर माझी चौकशी लागली असती. घरात ती लागत नाही.

आणि आता त्याच्याही वर आणखी एक वाक्य आलंय. पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा लोक निदान एकदा तरी परत सांगायचे, कारण म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे मान्य होतं. मशीन आल्यावर ती सवलत रद्द झाली. मी “काय?” म्हटलं की आता सगळे म्हणतात, “मशीन लावलंय ना?” बँकेतला मुलगा काचेमागून म्हणतो. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत म्हणतात. मेव्हणा म्हणतो, तोंडात घास असताना. मशीन घेऊन मी माझ्या बाजूची सगळी जबाबदारी उचलली, आणि त्याच दिवशी समोरच्या सगळ्यांनी आपापली खाली ठेवली. चष्मा लावलेल्या माणसाला कोणी अंधारात पेपर वाचायला देऊन “चष्मा लावलाय ना?” म्हणत नाही. कानाच्या बाबतीत हे रोज होतं, आणि यात काही गैर आहे असं कोणाला वाटतही नाही.

याचा शेवट कुठं होतो तेही सांगतो, कारण तो मी माझ्या वयाच्या माणसांत बघितलाय. माणूस परत विचारणं सोडतो. हसल्यासारखं करतो, मान डोलावतो. मग लग्नाला जाणं टाळतो, कट्ट्यावर येईनासा होतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो. घरचे म्हणतात, हल्ली ते जरा शांत झालेत. लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत ऐकणं कमी होणं ही एक आहे. ज्याला आपण शांत होणं म्हणतो, ते एका जित्याजागत्या माणसाला बोलण्यातून बाहेर काढणं असतं. आणि ते घडतं दोन-दोन शब्दांच्या उत्तरांनी, घरातल्या घरात, कोणाच्याही मनात वाईट नसताना.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. कोणाला ऐकू येतं पण कळत नाही असं वाटत असेल, तर वर्षं घालवू नका. आधी कानाचे डॉक्टर, मग आवाजबंद खोलीत नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी. आलेखाची प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. विकत घेण्याआधी मशीन काही दिवस घरी वापरून बघायला मागा, आणि जुळवणीला परत यायचे पैसे लागतील का ते लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात कंटाळून ते कपाटात टाकू नका.

आणि ज्यांचे कान चांगले आहेत त्यांना मी एवढंच सांगतो. आधी नाव घेऊन हाक मारा. समोर या, तोंडावर उजेड पडू द्या म्हणजे ओठ दिसतात; सुरुवातीला तुम्हाला त्या खुर्चीवर बसवलं ते यासाठीच. टीव्ही आणि मिक्सर बंद करा, तोंडातला घास संपवा, मग बोला. कळलं नाही तर शब्द बदला, आवाज वाढवू नका. आणि कोणी “काय?” म्हटलं, तर “काही नाही” म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही, जे सांगत होतात ते पूर्ण सांगा.